दुसऱ्या-तिसऱ्यातला गचका : कोल्हापुरातल्या एका सात सीटर ऑटोमॅटिकचं प्रकरण

गाडी सात सीटर, डिझेल, २०१८ ची. सहा गियरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी), ओढ मागच्या चाकांना, मीटरवर १,१२,००० किलोमीटर. राजारामपुरीतलं सहा माणसांचं घर. आठवडाभर शाळा, क्लास, कावळा नाक्याचे सिग्नल. महिन्यातून दोनदा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीकडं. घरातल्या वहिनी गाडी सगळ्यात जास्त चालवतात, त्यामुळं तक्रारही त्यांनीच नीट सांगितली : "दुसऱ्यावरनं तिसऱ्यावर जाताना गचका मारतीय. आणि सिग्नलला उभारताना मागनं कुणीतरी लाथ घातल्यागत ठक करतंय."

याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकीकडं वॉल्व्ह बॉडी, म्हणजे क्लचांना तेल वाटून देणारा भाग, बदलायला सांगितली, दुसरीकडं गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेटांचा पूर्ण किट टाकायचा अंदाज निघाला. आकडा लाखाच्या वर. दोन्हीकडं गाडी गल्लीतल्या गल्लीत फिरवून निदान झालं होतं. ऑटोमॅटिकचा गचका थंड गाडीत एक असतो आणि घाट चढून तापलेल्या गाडीत वेगळाच. दोन्ही बघितल्याशिवाय गिअरबॉक्स खोलायचा निर्णय घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

एक तक्रार की दोन?

वहिनींच्या एका वाक्यात दोन वेगळ्या खोडी आहेत, आणि सगळं प्रकरण त्या वेगळ्या करण्यावर उभं आहे. गचका गियर वर जाताना आहे, ठक गाडी थांबताना. पहिला प्रत्येक वेळी येत नाही. ठक मात्र जवळजवळ दर सिग्नलला. एकाच बिघाडाची दोन लक्षणं इतकी वेगळी वागत नाहीत.

म्हणून आधी विचारायचं : थंड असताना की तापल्यावर? हलक्या पायानं की दाबून चालवताना? कोणत्या दोन गियरच्या मध्ये? गचक्याच्या आधी इंजिनाचा आवाज वर जातो का? सकाळी पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) किंवा डी (पुढं जायला) टाकल्यावर गाडी किती वेळानं ओढ घेते? आणि शेवटी, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं, "ते बदललंय की. १,०४,००० ला. तेलाचा प्रश्नच नाही." गचका कधीपासून, तर त्यानंतर महिन्याभरात. तेल नुकतंच बदललंय म्हणून दोन्हीकडं तेलाकडं कुणी बघितलंच नव्हतं. खरं तर काम झाल्यावर लगेच खोड सुरू झाली असेल, तर संशय आधी त्या कामावरच घ्यायचा.

तिसरा एक धक्का आधीच बाजूला काढून टाकला. पन्हाळ्यावर उतारावर गाडी लावून नुसतं पी टाकलं, की गाडीचं सगळं वजन पार्किंगच्या खुंटीवर येतं. निघताना लिव्हर हलवली की दणका बसतो. तो बिघाड नाही, सवय आहे. ब्रेक दाबून एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं, आणि मग पी. एवढं केलं की तो दणका संपतो.

पाना न लावता केलेली तपासणी

आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन सुरू असताना १४.१. हे ठीक. बॅटरी बसकी असेल तर गिअरबॉक्सचा कंट्रोलर आणि सोलेनॉइड (तेलाच्या वाटा उघडणारे-मिटणारे विजेचे वॉल्व्ह) विचित्र वागतात, आणि लोक उगाच गिअरबॉक्सला दोष देतात.

मग स्कॅनर. डॅशबोर्डवर दिवा नसला तरी ट्रान्समिशन कंट्रोलरमध्ये अर्धवट नोंदलेले कोड असू शकतात, म्हणून इंजिनाबरोबर तोही वेगळा उघडून वाचायचा. पी ०७३० म्हणजे गियरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचं लॉक-अप (आतला थेट जोडणारा क्लच) नीट बसत नाही, पी ०७१० म्हणजे तेलाच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. यातला एकही नव्हता. इंजिनाच्या बाजूनं हवेच्या सेन्सरचं आणि टर्बोच्या दाबाचं वाचन सरळ होतं. हे बघणं भाग असतं, कारण इंजिन किती जोर लावतंय याचा आकडा चुकीचा गेला, तर गिअरबॉक्स तेलाचा दाबही चुकीचाच ठरवतो.

माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, बघताना बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर आलटून-पालटून टाकले. बघणारा बाजूला उभा, गाडीच्या पुढं-मागं कुणी नाही. इंजिन किंचित झुकलं, उसळलं नाही. रबर ठीक.

स्टॉल टेस्ट मुद्दाम केली नाही. ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा, पाच सेकंदांच्या आत सोडायचा, अशी ती चाचणी. क्लच घसरतोय का ते तिच्यात कळतं खरं. पण तेल कमी असल्याचा संशय असलेल्या गिअरबॉक्सवर ती केली, तर शिल्लक प्लेटा आपणच जाळायच्या.

रस्त्यावर

शिरोलीकडं हायवेला, मग परत फिरून वाघबीळचा चढ आणि पन्हाळा. गाडीत पाच माणसं, एसी चालू, स्कॅनरवर तेलाचं तापमान आणि गिअरबॉक्समध्ये आत येणारा व बाहेर जाणारा फिरण्याचा वेग असे तीन आकडे.

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये गचका दोनदाच आला. आर टाकल्यावर ओढ घ्यायला मात्र दोन सेकंदांवर वेळ गेला. सेकंद-सव्वा सेकंद चालतो, त्यापुढं नाही. तापमान ९० च्या वर गेल्यावर चित्र बदललं. ३५-४० च्या वेगात, हलक्या पायावर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन आधी मिनिटाला ३००-४०० फेरे वर चढायचं आणि मग धाडकन तिसरा बसायचा. चढावरच्या वळणात तर गियर बदलत नसतानाही क्षणभर फेरे वर गेले. वर पोचताना तेल ११२ अंशांवर. पुढच्या बाजूनं बारीक सीं असा सूर, फेऱ्यांबरोबर वाढणारा. तो पंपाचा.

वळणात फेरे चढणं हा सगळ्यात बोलका पुरावा होता. क्लच प्लेटा झिजल्या असत्या तर सरळ चढावरही घसरल्या असत्या. वळणात आणि चढावर तेल चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटात, एका बाजूला सरकतं. पातळी कमी असेल तर गाळणीचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. फेस झालेल्या तेलानं क्लच भरायला उशीर होतो. सुटणारा क्लच सुटून गेलेला, बसणारा अजून बसलेला नाही. मधल्या रिकाम्या वेळात इंजिन मोकळं धावतं.

मग धाडकन का? या गिअरबॉक्सचा कंट्रोलर प्रत्येक बदलाला किती वेळ लागला ते मोजतो आणि उशीर होतोय असं दिसलं की पुढच्या वेळी दाब वाढवून ठेवतो. हे हळूहळू शिकत जातं. आठ हजार किलोमीटरमध्ये ते इतकं शिकलं होतं, की ज्या क्षणी चांगलं तेल मिळेल त्या क्षणी क्लच दणक्यानं बसणार. म्हणून कधी फेरे चढतात, कधी नुसता दणका, कधी दोन्ही. कोणत्या गियरच्या जोडीत हे आधी दिसेल ते त्या त्या गिअरबॉक्सच्या रचनेवर असतं.

आता ठक. मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, १५ च्या वेगाला एन टाकून नुसत्या ब्रेकनं गाडी थांबवली. ठक आलीच. एन मध्ये गियर खाली उतरण्याचा दणका चाकांपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणजे ठकेचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. ती मागं, प्रोपेलर शाफ्टकडं आहे, म्हणजे गिअरबॉक्सची ओढ मागच्या चाकांकडं नेणाऱ्या लांब दांड्याकडं. ही चाचणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि ती कुणीच केली नव्हती.

पुराच्या पाण्याचा संशय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी जिथंवर आलं, तिथल्या गाड्यांबाबत कोल्हापुरात हा प्रश्न विचारावाच लागतो, वापरलेली गाडी घेताना तर हमखास. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला हवा जायची नळी असते, ब्रीदर. पाणी तिच्यावर गेलं, आणि तापलेली पेटी पाण्यात थंड झाली, की आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी तोच परिणाम होतो, फक्त पाण्याऐवजी कूलंट. दोन्हीत तेल दुधट गुलाबी होतं, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं, आणि प्लेटांवरचं अस्तर चिकटवलेला गोंद सुटायला लागतो. तिथं नुसतं तेल बदलून भागत नाही.

या गाडीचं तेल गडद तपकिरी होतं, दुधट नव्हतं. तरी खात्रीसाठी तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाकले. पाणी असतं तर तडतड आवाज आला असता. डोळ्याला चष्मा, हात लांब, आणि घरातला तवा वापरायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये.

पातळी : खरं काम इथं

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. खाली ओव्हरफ्लोचा नट असतो, आत ठरावीक उंचीची नळी. पातळी त्या नळीच्या तोंडाशी हवी, पण केव्हा? इंजिन सुरू असताना आणि तेल ठरलेल्या तापमानात असताना. या गाडीत ते ३५ ते ४५ अंश. दुसऱ्या गाडीत तिच्या मॅन्युअलमध्ये बघायचं.

मागच्या वेळी तेल बदलताना गाडी तापलेली होती आणि इंजिन बंद करून नट उघडला होता. यात दोन चुका एकावर एक बसल्या. तेल तापलं की फुगतं. दहा लिटर तेल ४० वरून ८० अंशांवर गेलं तर साधारण ३०० मिलीनं वाढतं. आणि इंजिन बंद असलं की वरच्या वाटांमधलं तेल चेंबरमध्ये उतरतं, पातळी खोटी उंच दिसते. नळीतून तेल गळलं, मिस्त्रींनी "भरलं" म्हणून नट लावला. गळून गेलं ते हवं असलेलं तेल होतं.

म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून काम सकाळी सात वाजता धरलं. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करायच्या आधीच चाळिशीला टेकलेलं असतं आणि मोजायला वेळच उरत नाही.

गाडी चारही बाजूंनी समपातळीत घेतली : चार घोड्या, वर लेव्हल बॉटल. नुसती पुढून जॅकवर उचललेली गाडी चालत नाही, मागं ओघळलेलं तेल वेगळीच पातळी दाखवतं. मग तेल भरायचा नट आधी सैल केला. हा नियम कधीच मोडायचा नाही : भरायचा नट उघडतो याची खात्री झाल्याशिवाय खालचा उघडायचा नाही. तो गंजून बसला असेल, तर रिकामी पेटी घेऊन उभं राहावं लागतं.

इंजिन सुरू. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी आणि परत पी, प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबून, म्हणजे सगळ्या वाटा भरतात. स्कॅनरवर ४० अंश आल्यावर ओव्हरफ्लोचा नट काढला. एक थेंबही आला नाही.

हातपंपानं वरून भरायला सुरुवात केली. ५०० मिली, काही नाही. एक लिटर, काही नाही. १.३ लिटरला नळीतून बारीक धार आली, ती ठिपकत्या थेंबांवर आल्यावर नट बंद केला, वायसर नवीन घालून. तोवर तापमान ४४ झालेलं. वेळ अशी कमी मिळते, म्हणून पंप, तेल, वायसर, ॲलन की सगळं आधी हाताशी मांडून ठेवायचं. सायलेन्सरची नळी शेजारीच तापलेली असते, हातमोजे.

तेल कोणतं, यात तडजोड नाही. नव्या सहा गियरच्या पेट्यांचं तेल पातळ असतं, १०० अंशांना साडेपाच सेंटिस्टोकच्या (तेलाच्या दाटपणाचं माप) आसपास. जुनं डेक्स्रॉन थ्री जातीचं सातच्या वर. डब्यावर "सर्व ऑटोमॅटिकसाठी" लिहिलेलं असलं तरी मॅन्युअलमधला तपशील जुळतोय का तेच बघायचं. जास्त भरणं हाही बिघाडच : फिरते भाग तेलात बुडतात, फेस होतो, आणि कमी तेलाचीच लक्षणं परत दिसतात.

चेंबर उघडल्यावर

पातळी बसल्यावर वळणात फेरे चढणं त्याच दिवशी थांबलं, पंपाचा सूर गेला. गचका मात्र राहिला, किंचित जास्तच वाटला. अपेक्षित होतं : तेल चांगलं मिळायला लागलं, पण कंट्रोलर अजून जुनाच वाढीव दाब देतोय.

इथं बरेच जण घाई करतात आणि स्कॅनर लावून कंट्रोलरचं शिकलेलं पुसून टाकतात. तेल अजून खराब असताना पुसलं, तर तो खराब तेलावरच नव्यानं शिकणार. आठ हजार किलोमीटर फेस होऊन ११२ अंशांवर शिजलेलं तेल ठेवायचं नव्हतं, म्हणून क्रम असा ठेवला : तीनशे किलोमीटर साधं चालवणं, चेंबर काढणं, तेल बदल, पाचशे किलोमीटरनं दुसरा बदल, आणि मगच पुसणं.

चेंबरमधल्या लोहचुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. हे एवढ्या किलोमीटरला नेहमीचं. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे, पितळी कण किंवा काळ्या अस्तराच्या चिंधड्या सापडल्या असत्या, तेलाला जळका वास असता, किंवा एकाच गियरमध्ये सरळ रस्त्यावर घसरण असती, तर आधीचा लाखाचा अंदाज बरोबर ठरला असता. चुंबक पुसले, गाळणी आणि गॅस्केट नवीन. चेंबरचे बोल्ट लहान असतात. कडेनं गोल न जाता समोरासमोर, टॉर्क पान्यानंच आवळायचे. सिलिकॉनचा थर लावायचा नाही, त्याची सुटलेली गुठळी वॉल्व्ह बॉडीत जाऊन बसते.

तेल किती निघालं ते मापातच घ्यायचं. दर वेळी साधारण चार लिटर निघालं. बाकीचं सहा कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये राहतं. म्हणजे एका बदलात ४० टक्के नवीन, दुसऱ्यात ६४, तिसरा केला तर ७८. दोनवर थांबलो. दाबानं सगळं धुऊन काढणारं मशीन या गाडीला लावलं नाही. आतली स्थिती चेंबर उघडून कळली होती, आणि उरलेल्या ३६ टक्क्यांसाठी साठलेला गाळ हलवायची जोखीम घ्यायचं कारण नव्हतं. दोन्ही वेळा पातळी वरच्याच पद्धतीनं, ४० अंशांना. निघालेलं तेल डब्यात भरून भंगार तेल घेणाऱ्याकडं. गटारात ओतलं तर जयंती नाल्यातून पंचगंगेतच जातं.

पुसल्यानंतर गाडी परत शिकवावी लागते. तेल तापल्यावर हलक्या, स्थिर पायानं एक ते सहापर्यंत, मग सावकाश ब्रेक लावत शून्यावर, असं पंधरा-वीस वेळा. कागलच्या बाजूला सकाळी लवकर हे जमतं. ऊस तोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं अडकलात, तर दिवसभर एक-दोन-तीन-दोन एवढंच शिकेल.

आणि ती ठक

प्रोपेलर शाफ्टला सरकता सांधा असतो, आतून दातेरी. ब्रेक लागला की गाडीचं मागचं अंग उचललं जातं, शाफ्टची लांबी बदलते, सांधा सरकतो. ग्रीस वाळलं असेल तर तो अडकून बसतो आणि थांबता-थांबता एकदम सुटतो : ठक. ग्रीस भरायचा निपल पुसून पाहिला तर वर तांबूस गंज. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि मधलं सेंटर बेअरिंग हातानं हलवून बघितले, खेळ नव्हता. मॉलिब्डेनम असलेलं दोन नंबरचं लिथियम ग्रीस, गनचे चार-पाच दाब, जुनं बाहेर येईपर्यंत. त्यापुढं मारलं तर टोकाची टोपी उडते. शाफ्ट काढायची वेळ आलीच, तर जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टनं जोडायच्या चकत्या) आधी रंगाची खूण करायची, नाहीतर बॅलन्स जातो आणि ऐंशीच्या वर गाडी थरथरते.

ठक तिथंच गेली. खर्च ग्रीसचा.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना लागू आहे. ट्रायबरसारख्या एएमटीत साधा गिअरबॉक्स आणि एकच क्लच यंत्र दाबतं. तिथं बदलताना मान हलणं हा स्वभाव आहे, वाढलं तर क्लचच्या झिजेकडं बघायचं. केरेन्सच्या डीसीटीत दोन क्लच आहेत, तिथं रखडत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापणं हा वेगळाच विषय.

दोन हजार किलोमीटरनंतर गाडी परत बघितली. तोच वाघबीळचा चढ, तेवढीच माणसं : तेल ९६ अंश, दुसऱ्या-तिसऱ्यात फेरे जागेवर, आर टाकल्यावर सेकंदाच्या आत ओढ. ओव्हरफ्लो ४० अंशांना उघडला, थेंब ठिपकत होते. पहाटे थंडीत पहिल्या-दुसऱ्यातला बदल अजून थोडा कडक लागतो. तेल तापलं की मऊ होतो. त्याला हात लावलेला नाही.